पहिली गोळी कोणाची, एवढ्यावर युद्ध न्याय्य ठरत नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अमेरिका-मेक्सिको युद्धावरचा (१८४६-४८) लेख वाचला. ‘हल्ला मेक्सिकोने आधी केला, म्हणून अमेरिकेची बाजू न्याय्य’ हा लेखकाचा निष्कर्ष मला मुळीच पटला नाही.

हल्ला मेक्सिकोच्या घोडदळाने केला, हे खरे. २५ एप्रिल १८४६ रोजी रिओ ग्रांदे नदीच्या उत्तरेला अमेरिकी गस्ती तुकडीवर तो झाला. पण ती तुकडी तिथे काय करत होती? टेक्सास मेक्सिकोत होता तेव्हा त्याची हद्द रिओ ग्रांदेच्या बरीच उत्तरेला असलेल्या न्युएसेस नदीपर्यंतच धरली जाई. १८३६ साली फुटून निघाल्यावर टेक्सासने थेट रिओ ग्रांदेपर्यंत हक्क सांगितला. आधार काय, तर कैदेतला मेक्सिकोचा सत्ताधीश-सेनापती सांता आन्ना याच्याकडून सही करून घेतलेला करार, जो मेक्सिकोच्या सरकारने कधीच मानला नाही. हा दावा खरा धरला तर सांता फे शहरही टेक्सासचे ठरते, जिथे टेक्सासची सत्ता एक दिवसही चालली नव्हती!

पुढे टेक्सास अमेरिकेत सामील झाला आणि हा दावा अमेरिकेने उचलला. अशा वादातल्या जमिनीवर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पोक यांनी जनरल टेलर यांची फौज धाडली. तिने मेक्सिकोच्या मातामोरोस शहरासमोर, नदीच्या दुसऱ्या काठावर किल्ला उभारला, तोफा शहरावर रोखल्या आणि नदीच्या मुखाची नाकेबंदी केली. आपल्याला इथे येण्याचा तसूभरही हक्क नाही, असे याच फौजेतील कर्नल हिचकॉक यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. समोरच्याने कुरापत काढावी याचीच वाट पाहणाऱ्याला स्वसंरक्षणाची सबब कशी देता येईल?

लेखात ९ मे १८४६ या दिवसाचा उल्लेखच नाही, याचे फार वाईट वाटले. त्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीत पोक यांनी युद्धाचा प्रस्ताव काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, नेण्याचे ठरवले. कारणे होती मेक्सिकोने थकवलेली अमेरिकी नागरिकांची नुकसानभरपाई आणि मेक्सिकोने भेट नाकारलेला अमेरिकी दूत स्लायडेल. हल्ल्याची बातमी वॉशिंग्टनला पोहोचली ती त्याच संध्याकाळी, बैठक संपल्यावर. म्हणजे निर्णय आधी झाला, कारण मागाहून मिळाले. मग ११ मे रोजी ‘अमेरिकी भूमीवर अमेरिकी रक्त सांडले’ असे काँग्रेसला सांगण्यात आले. ती भूमी नेमकी कोणती ते दाखवा, असे डिसेंबर १८४७ मध्ये तरुण सदस्य अब्राहम लिंकन यांनी ठणकावून विचारले. पुढच्याच महिन्यात प्रतिनिधिगृहाने ८५ विरुद्ध ८१ मतांनी हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण व घटनाबाह्य रीतीने सुरू केल्याचे म्हटले. तेव्हा ‘आजच्या चष्म्यातून पाहू नका’ हा लेखकाचा इशारा इथे लागू पडत नाही. त्या काळच्या माणसांनीच तो निवाडा केला होता.

मेक्सिकोचे राज्यकर्ते धुतल्या तांदळासारखे नव्हते. सरकारे धडाधड पडत होती, देणी थकली होती. आणि ज्या कोमांची, अपाची या मूलनिवासी लोकांच्या भूमीचा हा सौदा चालला होता, त्यांना तर दोघांनीही विचारले नाही.

राहिला युद्धानंतरच्या तहात जमिनीपोटी अमेरिकेने मेक्सिकोला देऊ केलेल्या दीड कोटी डॉलरचा मुद्दा. लेखक त्याला ‘रास्त मोबदला’ म्हणतात. युद्धाआधी स्लायडेल यांना कॅलिफोर्निया व न्यू मेक्सिकोसाठी अडीच कोटी डॉलरपर्यंत देण्याची मुभा होती. फेब्रुवारी १८४८ मध्ये ग्वादालूपे इदाल्गोचा तह झाला तेव्हा अमेरिकी फौज मेक्सिकोच्या राजधानीत तळ ठोकून होती. राजधानी ताब्यात घेऊन, किंमत एक कोटीने उतरवून झालेल्या व्यवहाराला खरेदी कसे म्हणायचे, हे लेखकाने सांगावे.

— एक निवृत्त इतिहास शिक्षक, सांगली