पोलिसांचा पर्यावरणाचा हिशोब मुद्देमालापासून सुरू व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक पर्यावरण दिनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर पोलीस मुख्यालयातील वृक्षारोपणाची बातमी वाचली. कवायत मैदानाच्या कडेने कडुनिंब, वड आणि जांभळाची रोपे लावली गेली आणि प्रत्येक रोप जगवण्याची जबाबदारी एकेका अंमलदाराकडे सोपवण्यात आली, हे वाचून समाधान वाटले. मी पोलीस दलात तेहतीस वर्षे नोकरी करून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि त्यांपैकी नऊ वर्षे मुद्देमाल कारकून होतो. त्या नऊ वर्षांत जे पाहिले त्यावरून माझे असे ठाम मत झाले आहे की, पोलीस दलाला पर्यावरणासाठी खरोखर काही करायचे असेल, तर सुरुवात ठाण्याच्या मागच्या आवारात पडून असलेल्या मुद्देमालापासून करावी लागेल. हे पत्र त्यासाठीच लिहीत आहे.

राज्यातील बहुतेक ठाण्यांत मागच्या बाजूला गेल्यास एकावर एक रचलेल्या दुचाकी, चाके जमिनीत रुतलेल्या मोटारी आणि गवतात बुडालेले ट्रॅक्टर दिसतात. त्यांत अपघातातील वाहने असतात, चोरीची हस्तगत केलेली असतात, दारूबंदीच्या गुन्ह्यात जप्त केलेली असतात आणि काही तर निव्वळ बेवारस असतात. महसूल विभागाने पकडलेली वाळूची वाहने ठेवायलाही बऱ्याच ठिकाणी पोलीस ठाण्याचेच आवार वापरले जाते. अपघातातील वाहनाची मोटार वाहन निरीक्षकांकडून तपासणी झाली, पंचनामा झाला आणि छायाचित्रे निघाली, की ते वाहन ठाण्यात ठेवण्याचे फारसे कारण उरत नाही. परंतु ज्याचा विमा संपलेला आहे तो मालक भरपाईपोटी तारण भरावे लागेल या भीतीने फिरकत नाही, ज्याचे कर्जाचे हप्ते थकले आहेत तो वित्त कंपनीच्या भीतीने येत नाही आणि जुन्या दुचाकीच्या मालकाला तर न्यायालयातील अर्जाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त वाटतो.

अशा वाहनाच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल असते. बॅटरीचे कवच उन्हाने तडकले की ते आम्ल शिशासह मातीत उतरते, आणि शिसे कुजत किंवा विरत नाही, ते तिथेच राहते. इंजिनाचे तेल, ब्रेकचे तेल आणि डिझेलचे अवशेष पहिल्या दोन पावसाळ्यांतच गळून जातात. रेडिएटरमधील शीतद्रव चवीला गोडसर असल्याने आवारातील कुत्री ते चाटतात आणि मरतात. वातानुकूलित मोटारींतील वायू हवेत निसटला तर कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत त्याचा तापमानवाढीवरील परिणाम वजनाला वजन हजारपटीहून अधिक असतो. टायरांत साचणाऱ्या पाण्याबद्दल मला विशेष लिहावेसे वाटते, कारण डेंग्यूच्या डासाची मादी अशाच साठलेल्या पाण्याच्या कडेला अंडी घालते, ती अंडी टायर कोरडा पडल्यावरही कित्येक महिने तग धरतात आणि पुढच्या पावसात फुटतात. मी ज्या तालुक्याच्या ठाण्यात होतो, तेथे पोलीस लाईन या वाहनांपासून जेमतेम पन्नास पावलांवर होती. एका पावसाळ्यात लाईनमधील चार मुले एकाच आठवड्यात तापाने आजारी पडली, तेव्हा आम्ही दोन दिवस श्रमदान करून टायरांतले पाणी काढले. पुढच्या वर्षी टायर तिथेच होते. आवारातील विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसू लागल्यावर बायकांनी ते पाणी भांड्यांसाठी वापरणेही सोडले.

यावर कायद्यात उपाय नाही असे मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात २००२ मध्येच स्पष्ट केले की, जप्त वाहने दीर्घकाळ पोलीस ठाण्यात ठेवण्यात काही हशील नाही. बंधपत्र आणि छायाचित्रे घेऊन ती मालकाला द्यावीत, आणि मालक किंवा विमा कंपनी पुढे येत नसेल तर न्यायालयाच्या आदेशाने विकावीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने तर याला मुदत घालून दिली आहे. मालमत्ता न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत तिचे विवरण तयार करायचे, छायाचित्र किंवा चित्रीकरण करायचे आणि त्यानंतर तीस दिवसांत ती परत देणे, सरकारजमा करणे, नष्ट करणे किंवा अन्य विल्हेवाट लावणे याबाबत आदेश द्यायचा. हे विवरण आणि चित्रीकरण पुढे पुरावा म्हणून चालते, त्यामुळे वाहनच प्रत्यक्ष उभे असले पाहिजे हा जुना आग्रह आता धरता येत नाही.

मग ढीग कमी का होत नाही, हे मुद्देमाल सांभाळलेल्या माणसाने सांगितले पाहिजे. निरीक्षक दोन-तीन वर्षांत बदलून जातात. नवे अधिकारी चार्ज घेताना मुद्देमाल रजिस्टर आणि प्रत्यक्षातील वस्तू यांचा मेळ पाहतात, तो बसत नसेल तर चौकशीचे झंझट मागे लागते, आणि म्हणून जे आहे ते हलवू नये अशीच प्रत्येकाची वृत्ती होते. कारकुनाला तर ‘न्यायालयाने मुद्देमाल मागितला आणि तो नसला तर?’ या एका प्रश्नाने झोप लागत नाही. खटल्याच्या निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात, अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमालाचे काय करावे याचा आदेश असतो. तो आदेश ठाण्यापर्यंत पोहोचवून रजिस्टरात नोंदवणे हे कोणा एकाचे ठरलेले काम नसते, म्हणून निकाल लागून वर्षे उलटली तरी वाहन जागचे हलत नाही. बेवारस वाहनांत आणखी अडचण असते, कारण क्रमांकाची पाटी नसते आणि चेसिस क्रमांक गंजलेला किंवा घासलेला असतो. मावळातील गंगामाता वाहन शोध संस्थेने इंजिन आणि चेसिस क्रमांकांवरून मालक शोधून देण्याचे काम अनेक ठाण्यांसाठी केले आहे. चिकाटीने बसून हे काम करणारी चार माणसे असली की ते होते, एवढे त्यावरून सिद्ध झाले आहे. प्रत्येक जिल्ह्यात आम्हा निवृत्त कारकुनांना मानधनावर सहा महिने बसवले, तरी निम्मी रजिस्टरे मार्गी लागतील, असे मी अनुभवाने म्हणतो.

लिलावाबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. वाहन जास्त बोली लावणाऱ्या कोणत्याही भंगारवाल्याला दिले, तर आवार मोकळे होते आणि प्रदूषण गावाबाहेरच्या नाल्यावर जाते, कारण तेथे तेल ओतून दिले जाते आणि तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रांची व्यवस्था झाली आहे, त्या नियमांत यंत्रणांनी जप्त केलेल्या आणि बेवारस वाहनांचाही विचार केलेला आहे. या केंद्रांत आधी तेल, वायू आणि बॅटरी सुरक्षितपणे काढून मगच पत्रा तोडला जातो. पोलिसांच्या लिलावाच्या जाहिरातीत भंगार म्हणून विकायची वाहने फक्त अशाच केंद्रांना दिली जातील ही अट घालायला हवी, मग किंमत थोडी कमी आली तरी चालेल.

वाहनांखेरीज इतर मुद्देमालाचीही हीच गोष्ट आहे. हातभट्टीवर छापा घातला की गूळ आणि नवसागराचे शेकडो लिटर रसायन नमुना काढून जागेवरच ओतून दिले जाते. मीही अशा कित्येक पंचनाम्यांवर सही केली आहे, आणि एकदा ओढ्याकाठी ओतलेल्या रसायनानंतर खालच्या डोहातले मासे वर आलेले पाहिल्याचे आजही माझ्या मनाला लागून आहे. निदान पाण्यापासून दूर, खड्डा घेऊन ते ओतावे एवढे तरी लेखी निर्देश असावेत. राज्यात २०१२ पासून बंदी असलेला गुटखा पकडला जातो, त्याच्या प्लॅस्टिक पुड्यांसकट तो उघड्यावर जाळला तर निघणारा धूर गुटख्याइतकाच घातक असतो. नायलॉन मांजाचेही तेच. याउलट अमली पदार्थ मात्र तळोजा किंवा रांजणगाव येथील घातक कचरा प्रक्रिया केंद्रांच्या भट्टीत समितीसमोर नष्ट केले जातात, म्हणजे योग्य पद्धत पोलिसांना ठाऊक आहे. ती गुटखा आणि मांजालाही लावावी.

सौर पॅनेल, बंदोबस्तावरील पाण्याच्या बाटल्या, विजेवर चालणाऱ्या गस्तीच्या दुचाकी हे विषयही महत्त्वाचे आहेत. पोलीस ठाणे चोवीस तास चालते, बिनतारी यंत्रणा आणि संगणक रात्रीही बंद होत नाहीत, त्यामुळे छतावरील सौरऊर्जेचा लाभ मोठा आहे. आषाढी वारीच्या किंवा विसर्जनाच्या बंदोबस्तात अंमलदारांना टँकरचे पाणी आणि स्वतःची स्टीलची बाटली मिळाली, तर हजारो प्लॅस्टिक बाटल्या वाचतील. पण या गोष्टींसाठी निधी आणि खरेदी लागते. मुद्देमालासाठी मुख्यतः लक्ष घालणारा वरिष्ठ अधिकारी लागतो, म्हणून मुद्देमालाचा विषय आधी.

माझी विनंती अशी आहे की, जिल्हा पोलीस अधीक्षकांनी आणि पोलीस आयुक्तांनी दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत प्रत्येक ठाण्याकडून तीन आकडे मागावेत: आवारात किती वाहने आहेत, त्यांपैकी किती गुन्ह्यांचा निकाल लागला आहे, आणि महिनाभरात किती वाहने मालकाला किंवा नोंदणीकृत केंद्राला गेली. हे आकडे ठाण्याच्या दर्शनी फलकावर लिहावेत, म्हणजे नागरिकांनाही कळतील. आपल्या दैनिकानेही वार्ताहरांमार्फत हे आकडे गोळा करून जिल्हा पानावर छापावेत.

गेल्या महिन्यात एका नातेवाईकाच्या कामासाठी मी त्या जुन्या ठाण्यात गेलो होतो. मागे एक टेम्पो अजून उभा आहे. २००९ साली मी त्याच्या दर्शनी भागावर पांढऱ्या ऑइल पेंटने गुन्हा क्रमांक लिहिला होता आणि तो आजही वाचता येतो. त्या गुन्ह्याचा निकाल २०१४ मध्येच लागला आहे, हे मी तेथील तरुण कारकुनाला सांगितले. त्याने रजिस्टर काढले, नोंद शोधली आणि निकालपत्राची नक्कल मिळवण्यासाठी न्यायालयाला पत्र लिहितो म्हणाला.

आपला,
एक निवृत्त सहायक पोलीस उपनिरीक्षक
(पश्चिम महाराष्ट्र)