पैसे भरूनही डॉक्टर मिळेना

महोदय,

माझी मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. व्हिसाच्या अर्जासोबतच आम्ही तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार भरला. विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. पण तिथे आपल्यासारखं दुखलं-खुपलं की समोरच्या दवाखान्यात जाऊन बसता येत नाही. आधी घराजवळच्या दवाखान्यात नाव नोंदवावं लागतं, आणि एरवी तज्ज्ञाकडे जायचं तर चिठ्ठी सहसा त्याच डॉक्टरांची लागते. मुलगी दोन दवाखान्यांत गेली. दोन्हीकडे उत्तर एकच : जागा नाही. तिसऱ्याने घरभाड्याचा करारनामा मागितला. अंगात ताप असताना एकटी पोर दारोदार फिरते आहे, हे इथे फोनवर ऐकताना जीव तुटतो.

नंतर कळलं की नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा किंवा ओळखपत्र सक्तीचं नाहीच. नाव नाकारलं तर दवाखान्याने १४ दिवसांत लेखी कारण द्यायला हवं. उपचार तातडीचे असतील तर नोंदणी नसलेल्यालाही द्यावे लागतात. हे तिला पहिल्याच दिवशी माहीत असतं तर! लाखो रुपये शुल्क घेणारे परदेशी शिक्षणाचे सल्लागार बँक खातं, सिमकार्ड, थंडीचे कपडे सगळं सांगतात, याबद्दल मात्र अवाक्षर काढत नाहीत. त्यांनी ते सांगावं. आणि पालकांनो, मुलं तिथे पोहोचली की पहिल्याच आठवड्यात त्यांना नाव नोंदवायला लावा, आजारी पडण्याची वाट पाहू नका.

– एक पालक, सातारा