इंग्रजीच्या वह्यांविषयी

डिचोली

चि. मुग्धा हिस,
अनेक आशीर्वाद.

सुट्टी संपवून पणजीला जाताना तू इंग्रजी व्याकरणाच्या दोन्ही वह्या माझ्या टेबलावर ठेवल्यास आणि वर्षभरात खरोखर काही जमले का ते कळव, असे सांगून गेलीस. जन्मभर प्राथमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईने इंग्रजीवर काय अभिप्राय द्यावा, असा प्रश्न मला प्रथम पडला. परंतु वह्या वाचू लागले तेव्हा दिसले की तुझ्या बहुतेक चुकांमागे मराठीचेच नियम आहेत, आणि ते ओळखण्याइतके मराठी मला नक्की येते.

चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यम, ही गोव्यातल्या मराठी शाळांतल्या असंख्य मुलांची वाट तुझ्याही वाट्याला आली. विज्ञान-भूगोलाच्या संज्ञा पाठ झाल्या, परीक्षा पार पडल्या. वाक्य कसे बांधायचे ते मात्र राहून गेले. म्हणून महाविद्यालयात गेल्यावर पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करण्याचा तुझा निर्णय मला तेव्हाही पटला होता.

जूनमधल्या पानावर 'आय ॲम लिव्हिंग इन पणजी सिन्स टू वीक्स' असे वाक्य आहे. 'मी दोन आठवड्यांपासून पणजीत राहत आहे' या निर्दोष मराठी वाक्याचा तो साचा आहे. आपले 'पासून' सोमवारपासूनही चालते आणि दोन आठवड्यांपासूनही. इंग्रजीत काळाचा आरंभबिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स' आणि अवधी सांगायचा असेल तर 'फॉर' लागते. शिवाय आधी सुरू होऊन अजून चालू असलेल्या क्रियेसाठी मराठीला साधा अपूर्ण वर्तमानकाळ पुरतो, तिथे इंग्रजी 'हॅव बीन लिव्हिंग' मागते. 'सिन्स' आणि 'फॉर' यांतला भेद दिवाळीनंतरच्या पानांवर तुला पक्का झालेला दिसतो. क्रियापदाचे रूप अजून डळमळते, कधी बरोबर तर कधी पुन्हा जूनसारखे, आणि माझ्या मते वर्षाची खरी बाकी हीच आहे.

आपल्या 'ला' प्रत्ययाने तुला दोन्हीकडून फसवले आहे. 'त्याला सांगितले' म्हणून तू 'टोल्ड टू हिम' लिहितेस, जिथे 'टू' नको. आणि 'मला समजाव' म्हणून 'एक्स्प्लेन मी' लिहितेस, जिथे 'टू' हवाच. 'से' आणि 'एक्स्प्लेन' यांना 'टू' लागतो, 'टेल' आणि 'आस्क' यांना लागत नाही. येथे तर्क चालवू नकोस. क्रियापद शिकतानाच त्याच्यासोबतचे अव्ययही शिकावे, कारण 'विषयी चर्चा करणे' मनात ठेवून 'डिस्कस अबाउट' लिहिले की पुन्हा तोच घोटाळा होतो. मात्र सगळाच दोष मराठीवर ढकलता येणार नाही. 'माहिती'चे अनेकवचन आपणही सहसा करीत नाही, तरी तू 'इन्फर्मेशन्स' लिहिलेस, ते कुठून आले हे तूच शोध.

आर्टिकलचे प्रकरण तू उत्तम हाताळलेस. नदीच्या नावाआधी 'द' येतो आणि तळ्याच्या नावाआधी येत नाही, हा नियम 'द मांडवी' आणि 'मये लेक' अशी घराजवळची जोडी लिहून तू बसवलास. 'ॲन अवर' आणि 'अ युनिव्हर्सिटी' यांत अक्षराकडे न पाहता उच्चाराकडे पाहायचे, हेही तुला कळले आहे.

शब्दसंग्रहाची वही मात्र मला तितकीशी आवडली नाही. स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याशा पुस्तकातून उतरवलेल्या समानार्थी शब्दांच्या याद्यांनी ती भरली आहे, आणि त्यांतले फारच थोडे शब्द तुझ्या निबंधांत उतरले आहेत. जे उतरले ते अवघडलेले वाटतात, कारण शब्द एकटा पाठ केला की तो कोणाच्या शेजारी बसतो हे कळत नाही. मराठीत आपण मुसळधार पाऊस आणि सोसाट्याचा वारा म्हणतो, मुसळधार वारा म्हणत नाही. इंग्रजीतही पाऊस 'हेवी' असतो, तर वारा 'स्ट्रॉंग'. चूक 'मेक' करतात आणि गृहपाठ 'डू' करतात. 'पुट ऑफ', 'पुट आउट' आणि 'पुट अप विथ' ही तुला छळणारी मंडळीही याच जातीची आहेत. 'देऊन टाक' आणि 'टाकून दे' यांतला फरक तू कोणाला व्याख्येने विचारला नव्हतास, वापरातून उचललास. तेव्हा येत्या वर्षी याद्या बंद कर आणि शब्दाऐवजी शब्दांच्या जोड्या लिही, त्याही स्वतः वाचलेल्या मजकुरातून. पाटोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय तुझ्या वाटेवरच आहे. तिथे रोज एखादे इंग्रजी वर्तमानपत्र वाच. 'हेराल्ड' घेतलास तरी चालेल. १९०० साली पोर्तुगीजमध्ये निघालेले ते पत्र १९८३ मध्ये इंग्रजीत निघू लागले, म्हणजे आख्ख्या वर्तमानपत्राने प्रौढ वयात भाषा बदलली.

हे सारे लहानपणीच व्हायला हवे होते, असे वहीच्या मागच्या पानावर तू लिहिले आहेस. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्यात उतरला तेव्हा तिशीचा होता. त्यानंतर येथील भाषा शिकून त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचले, आणि त्याने लिहिलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, राशोलला छापले गेले. तुझे वय त्याच्याहून पुष्कळ कमी आहे.

चतुर्थीला येताना नवी वही घेऊन ये. त्यात 'हॅव बीन'ची वाक्ये पुस्तकातली नकोत, मावशीच्या घरच्या, बसच्या आणि कॉलेजच्या गोष्टींची हवीत. मी ती पाने आधी पाहीन. मावशीला आणि काकांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
आई