टॅप डान्सच्या गुरूंवरही लिहा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

नृत्याच्या पानावर लव्हॉन रॉबिन्सन यांच्याबद्दल एकदा लिहा ना. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे हे टॅप डान्सर, म्हणजे बुटांच्या ठोक्यांनी ताल वाजवत नाचणारे, सात वर्षांचे असताना आईनी स्वयंपाकघरात पहिली स्टेप शिकवली, मग तिथल्या रस्त्यांवरच नाचून तयार झाले आणि पुढे त्याच शहरातल्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये वर्षानुवर्षं शिकवलं. १९८९ ला नॅशनल हेरिटेज फेलोशिप (लोककलावंतांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान) मिळाली, २००८ मध्ये गेले. त्यांची शिष्या जर्मेन इनग्राम, पेशाने वकील, तीच पुढे त्यांची स्टेज पार्टनर झाली! माझी मुलगी कथ्थक शिकते, तिला त्यांचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, आई, पायात घुंगरू नाहीत तरी एकेक बोल सुटा ऐकू येतोय.

– एक वाचक, ठाणे