शॉर्ट सर्किटच्या आधी काय घडते?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात घराला आग लागल्याची बातमी येते तेव्हा तिचे शेवटचे वाक्य बहुधा ठरलेले असते: ‘आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ बातमी तिथे संपते. उष्ण वाळवंटी प्रदेशांतल्या घरांचे वायरिंग करण्यात, आणि त्याहून जास्त काळ दुसऱ्याने केलेले वायरिंग दुरुस्त करण्यात, माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे या वाक्यापाशी मी दर वेळी अडखळतो. ज्याला आपण कारण म्हणतो ते शॉर्ट सर्किट बहुतेकदा प्रकरणाचा शेवट असते. सुरुवात कित्येक महिने आधी एखाद्या सैल स्क्रूपाशी किंवा भार न पेलणाऱ्या वायरीत झालेली असते आणि ती लक्षात येण्याजोगी असते. तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिली गोष्ट तापमानाची. आपण बातम्यांत ऐकतो ते तापमान सावलीतल्या हवेचे असते. राजस्थानातल्या फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, तेही उन्हापासून आडोसा दिलेल्या तापमापकावर. गच्चीवरून पाइपातून नेलेल्या वायरीला असा आडोसा नसतो. त्या पाइपाच्या आत भर दुपारी ६० अंश सहज होतात. घरोघरी वापरली जाते त्या साध्या पीव्हीसी वायरीचे इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचे प्लॅस्टिकचे आवरण, ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी बनवलेले असते, म्हणजे एकही दिवा लावण्यापूर्वीच तिच्याजवळ जेमतेम दहा अंशांची शिल्लक उरते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या, म्हणजेच आयईसीच्या, कोष्टकांनुसार भिंतीवरच्या पाइपातून नेलेली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंशांत २४ अँपिअर वाहून नेऊ शकते. भोवतालचे तापमान ५० अंश झाले की हा आकडा ०.७१ ने गुणायचा, म्हणजे उरतात १७ अँपिअर. ६० अंशांना निम्मे करायचे, म्हणजे १२. वायर तीच आणि तिच्या वेष्टनावर छापलेली जाडीही तीच, पण मार्चमध्ये बिनधास्त चालणारा भार जूनमध्ये तिला झेपत नाही. इन्सुलेशन दहा अंश जास्त तापत राहिले तर त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे. गच्चीवरच्या वायरींच्या बाबतीत तर कडक ऊन प्लॅस्टिकलाही खात असते, त्यामुळे काही वर्षांत ती वायर वाकवली की अंड्याच्या कवचासारखी तडकते.

आता दुपारी तीनच्या सुमारास काय होते ते पाहा. बाहेरची हवा तापल्यामुळे एसीच्या कॉम्प्रेसरला खोलीतली उष्णता बाहेर टाकायला जास्त जोर लावावा लागतो आणि तो नेहमीपेक्षा जास्त करंट ओढतो. त्याच वेळी वायरीची क्षमता घटलेली असते. घरगुती एमसीबी, म्हणजे करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून लाइन बंद करणारा स्विच, ३० अंशांच्या हिशोबाने जुळवलेला असतो, त्यामुळे उन्हातल्या भिंतीवरच्या तापलेल्या डब्यात तोही नेहमीपेक्षा कमी करंटला पडतो. तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि घरमालक म्हणतो, ‘रात्री तर नीट चालतो, दुपारीच पडतो, म्हणजे एमसीबी खराब झालाय, जरा मोठा टाका.’ सोळाच्या किंवा विसाच्या जागी बत्तीसचा एमसीबी बसतो, पुन्हा काही पडत नाही, आणि दुरुस्ती झाली म्हणून सगळे खूश होतात. प्रत्यक्षात बारा अँपिअर पेलणाऱ्या वायरीतून आता पंचवीस अँपिअर वाहिले तरी त्या एमसीबीला खबर लागणार नाही. एवढी धोकादायक आणि एवढी सर्रास होणारी ‘दुरुस्ती’ मी दुसरी पाहिलेली नाही. दुपारी पडणारा एमसीबी बहुधा खरे बोलत असतो. त्याचे ऐकायचे असेल तर वितरणाचा डबा सावलीत किंवा घरात घ्यावा, एसीला स्वतंत्र लाइन द्यावी, आणि वायरच चार किंवा सहा चौरस मिलिमीटरची टाकावी. एक्सएलपीई या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या इन्सुलेशनची केबल ९० अंशांपर्यंत चालते, म्हणून गच्चीसाठी ती केव्हाही बरी. मात्र तिची टोके ज्या बटणांत आणि सॉकेटांत जातात ती तेवढे तापमान सोसणारी नसतात, हे केबल विकणारे सहसा सांगत नाहीत.

एसी विकत घेतानाही एक गोष्ट विचारायला हवी. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेच्या ५१५१ क्रमांकाच्या मानकात टी-१ वर्गाच्या यंत्राची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजतात, तर टी-३ वर्गाच्या यंत्राची ४६ अंश धरून. वाळवंटात टी-१ यंत्र लावणे म्हणजे त्याला रोज परीक्षेला बसवणे आहे, आणि त्या परीक्षेची फी वायरिंग भरते.

आता सैल जोडाविषयी, कारण माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जळण्याच्या घटना तिथूनच सुरू झाल्या. एका घरी एसीचा प्लग पॉइंट उघडला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. बाहेरून पांढऱ्या प्लेटवर एका पिनेच्या छिद्राभोवती चहाच्या डागासारखी पिवळट कड दिसत होती, बाकी काही नाही. प्लेट काढली तर फेजची, म्हणजे वीज घेऊन येणारी, वायर टर्मिनलपासून दोन बोटे लांबीपर्यंत तपकिरी आणि कडक झालेली. बोटाने दाबताच इन्सुलेशनचे कपचे हातात आले. टर्मिनलच्या स्क्रूला पेचकस लावला तर तो दीड फेरा सहज फिरला. घरातल्यांना आठवडाभर अधूनमधून मासळीसारखा वास येत होता आणि ते स्वयंपाकघरात त्याचा शोध घेत होते. तापलेल्या सॉकेटच्या प्लॅस्टिकला असाच वास येतो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या लाइनचा एमसीबी एकदाही पडला नव्हता, आणि तो पडण्याचे कारणही नव्हते. करंट नेहमीइतकाच होता, फक्त तो एका सैल जोडातून जात होता. अशा जोडाचा रोध ओहमचा एक दशांश जरी असला तरी १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॅट उष्णता निर्माण होते. छोटा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा असतो. नखाएवढ्या जागेत, बंद डब्यात, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या बोर्डामागे तो रोज दहा-बारा तास चालू ठेवल्यासारखे हे होते. हा दोष एमसीबी पकडत नाही, आणि करंट बाहेर कुठे गळत नसल्यामुळे आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, तोही पकडत नाही. तो पकडायचा नाकाने, डोळ्यांनी, आणि भार चालू असताना प्लेटवर हाताची मागची बाजू टेकवून.

वाळवंटात जोड लवकर सैल होण्याचे कारण सोपे आहे. ढग नाहीत, हवेत ओल नाही, त्यामुळे दिवसा साठलेली उष्णता रात्री झपाट्याने निघून जाते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. दर अंशाला तांबे दशलक्षांत सुमारे १७ भाग प्रसरण पावते, पितळ १९ आणि ॲल्युमिनियम २३. एकाच टर्मिनलमध्ये दाबलेले हे धातू रोज वेगवेगळ्या मापाने फुगतात आणि आकसतात. स्क्रूची पकड हळूहळू ढिली होते. म्हणून उन्हाळा सुरू होण्यापूर्वी मेन बंद करून डब्यातले आणि जास्त भाराच्या पॉइंटांतले सगळे स्क्रू एकदा आवळून घेणे हे तिथले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. बारीक तारांच्या वायरीचे टोक टर्मिनलमध्ये घालण्यापूर्वी त्याला शिशाचा डाग देण्याची पद्धत अनेक जण कौतुकाने सांगतात, ती मात्र सोडून द्यावी: दाबाखाली आणि उष्णतेत ते सोल्डर हळूहळू सरकते आणि जोड पुन्हा सैल होतो. त्याऐवजी पक्कडीने दाबून बसवलेला लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची टोपी, वापरावा. टेप गुंडाळलेल्या जोडाविषयी तर काय लिहावे. त्या उष्णतेत टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो आणि तारा उघड्या पडतात.

अर्थिंगचा विषय कोरड्या जमिनीमुळे वेगळा होतो. जिथे घराचे संरक्षण केवळ अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यावर अवलंबून असते, तिथे त्या खड्ड्याभोवतीची वाळू सुकून तिचा रोध शंभर ओहम झाला आहे असे समजू. कूलरच्या लोखंडी पेटीला फेज लागला तर २३० व्होल्ट भागिले १००, म्हणजे अवघा २.३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. त्याने सहा अँपिअरचा एमसीबीसुद्धा हलणार नाही. कूलर फिरत राहील, पाणी टपकत राहील, आणि पेटीवर जवळजवळ पूर्ण २३० व्होल्ट उभे असतील. त्यात घामेजलेल्या हाताच्या आणि ओल्या पायांच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास उतरतो, म्हणजे त्याच्या अंगातून दोनशेहून जास्त मिलीअँपिअर जाऊ शकतात. इथे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, ज्याला आपण सवयीने ईएलसीबी म्हणतो, तोच कामाला येतो. तो असेल तर अर्थिंगचा रोध काहीशे ओहम असला तरी तो पडतो. पण म्हणून खड्डा विसरून चालत नाही. इलेक्ट्रोड, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत पुरलेला धातूचा दांडा, खोल, ओल लागेपर्यंत न्यावा, भोवती ओल धरणारी बेंटोनाइट माती भरावी आणि वर्षातून एकदा रोध मोजून घ्यावा. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दर दोन-तीन महिन्यांनी दाबून पाहावे, कारण वर्षानुवर्षे न हललेली यंत्रणा ऐन वेळी अडकते. ते बटण दाबल्यावर तो पडला म्हणजे अर्थिंगही चांगले आहे, असा मात्र अर्थ काढू नये. मुळीच अर्थिंग नसलेल्या घरातही ते बटण काम करते. आणि कूलरमध्ये पाणी भरताना प्लग बाहेर काढलेला असावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बटण चुकून फेजऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेवर, बसवलेले असल्याचे मी कितीतरी घरांत पाहिले आहे, आणि मग बटण बंद केले तरी कूलरमध्ये फेज जिवंतच राहतो.

धुळीविषयी थोडक्यात. कोरडी वाळू स्वतः वीज वाहून नेत नाही. पर्शियन आखाताचा किनारा किंवा आफ्रिकेतले नामिब यांसारख्या समुद्राला लागून असलेल्या वाळवंटांत मात्र खारट धुळीवर रात्री दव पडते आणि तोच थर वाहक होतो. बाहेरचे डबे म्हणूनच आयपी ६५ दर्जाचे, धूळ आत न जाणारे असावेत, आणि केबल आत शिरते ते भोक ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारे बूच, लावून बंद केलेले असावे. पाहावे तिथे डबा महागाचा आणि भोक उघडे असते.

दुरुस्ती स्वतः करू पाहणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. एसीच्या बाहेरच्या युनिटमधला कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू करायला मदत करणारा चार्ज साठवणारा भाग, या उष्णतेत वारंवार जातो. पंखा किंवा कॉम्प्रेसर नुसता गुणगुणतो आणि सुरू होत नाही, ही त्याची खूण. बदलायला सोपा दिसतो म्हणून लोक हात घालतात, पण मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज शिल्लक असू शकतो आणि तो जोराचा झटका देतो. तो रीतसर रोधातून उतरवून, मीटरने खात्री करून मगच हात लावायचा असतो, आणि ज्याला ते माहीत नाही त्याने तो डबा उघडू नये. दुसरे, गच्चीवर सौर पॅनल असतील तर मेन पाडले म्हणजे घर बंद झाले असे समजू नये. ऊन आहे तोवर पॅनलपासून डीसी आयसोलेटरपर्यंतच्या, म्हणजे पॅनलची वीज तोडणाऱ्या स्विचपर्यंतच्या, तारा जिवंतच असतात. काम सुरू करण्यापूर्वी टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून तो स्वतः नीट आहे ना हे पाहावे, मग बंद केलेल्या पॉइंटवर.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशा घराची बातमी लिहिताना त्यांनी जळलेल्या लाइनवरचा एमसीबी किती अँपिअरचा होता आणि वायर किती जाडीची होती, एवढे दोन प्रश्न तपास करणाऱ्यांना विचारावेत आणि उत्तरे छापावीत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वायरमन