यंदा थिसिस देऊन टाकतेय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही 'कुठवर आलं?' विचारता, मी 'चालू आहे' म्हणते आणि विषय बदलते. म्हणून लिहूनच कळवतेय: या महिनाअखेरीला थिसिस सबमिट करणार. आहे तसा.

'आहे तसा' वाचून बाबांच्या कपाळाला आठी पडली असेल. बाबा, गणित सुटलं तरी ताळा करून बघायचा, हे तुम्हीच शिकवलंत. दहावीपासून नेट परीक्षेपर्यंत त्या सवयीनेच मला तारलं, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण तिथे ताळा जुळला की वही मिटता यायची. सहकारी साखर कारखान्यांच्या इतिहासाला ताळा कुठून आणू? एका कारखान्याचे जुने अहवाल वाचून होतात तोवर दुसऱ्याचे हाती लागतात, आणि तिसरं प्रकरण पुन्हा उसवावंसं वाटतं. गाइड म्हणतात, पुरे आता. हॉस्टेलमध्ये असं अडकलेले बरेच आहेत, आणि बहुतेक सगळे शाळेत पहिले येणारे!

बाबांना आकडे लागतात, म्हणून सांगते. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या 40 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 मधली उत्तरं एकत्र तपासली. सगळं निर्दोषच हवं हा हट्ट वाढत गेलेला दिसला; त्यातही सर्वांत जास्त वाढली ती 'लोकांना माझ्याकडून निर्दोषच हवंय' ही भावना. हे लोक म्हणजे तुम्ही नव्हे. म्हणजे, एकटे तुम्ही नव्हे.

आई, तुझी काळजी पैशांची. जेआरएफ शिष्यवृत्तीची पाच वर्षं संपत आलीत. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडीला सहा वर्षं, वर दोन वर्षांची मुदतवाढ, बायकांना आणखी दोन. थोडक्यात, नियमात बसून मी दहा वर्षं तेच प्रकरण उसवत राहू शकते, फक्त शेवटची काही तुमच्या पेन्शनवर. त्यापेक्षा बाहेरचे दोन परीक्षक वाचू देत, चुका काढू देत. त्यांचं कामच आहे ते.

बाबा, एक प्रत कुरिअरने पाठवतेय. लाल पेन ऱ्हस्व-दीर्घापुरतंच चालवा. 'इथे अजून खोलात जायला हवं' असं समासात लिहायचं नाही. आणि आठवड्यात परत पाठवा, त्यानंतर आलेली दुरुस्ती घेणार नाही.

तुमची,
छोटी