साहेब, पत्राला उत्तर द्यायचं असतं

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

स. न. वि. वि.

मी माणदेशातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. काल मोबाइलवर कारणे दाखवा नोटीस आली, म्हणून लिहितोय. तिला मायना नाही, नमस्कार नाही, सही कुणाची ते लागत नाही. माझ्या वर्गात असं पत्र कुणी लिहिलं असतं तर पुन्हा लिहायला लावलं असतं.

झालं असं. डिसेंबरात तुमच्या खात्याचे एक साहेब भेटीला आले. पोरं तेव्हा मामाला, आत्याला, ऊसतोडीला गेलेल्या आईबापाला पत्रं लिहीत होती. कारखान्याचा पत्ता, मुकादमाच्या मार्फत. 'मार्फत' म्हणजे काय, ते त्यांना असं कळलं. साहेब खूश. म्हणाले, "मलाही लिहा, प्रत्येकाला उत्तर पाठवतो."

23 पोरांनी लिहिलं. तिसरीतलं पोर पोस्टकार्ड कसं लिहितं ते एकदा बघा. अर्धं कार्ड 'प्रिय साहेब'मध्येच संपतं, मग उरलेला मजकूर मुंगीएवढा होऊन कडेकडेनं वर चढतो. पिनकोडच्या सहा चौकोनांवर अख्खा तास गेला. पहिला आकडा 4 का? गोव्याचाही 4 च म्हटल्यावर एकजण म्हणाला, "मग गोवा आपलंच की!"

कार्ड 50 पैशांचं. गावच्या टपालात मिळेना, म्हणून तालुक्याला दोन हेलपाटे. कार्डांचे साडेअकरा रुपये, पेट्रोल दोन-अडीचशेचं. पावती नाही, मागू नका.

एका मुलीनं लिहिलं: 'आमच्या शाळेत नळ आहे, पाणी नाही. तुम्ही आलात तेव्हा टँकर आला होता. परत या, म्हणजे पाणी येईल.'

त्यावर ही नोटीस. 'विद्यार्थ्यांकरवी प्रशासनाची बदनामी.' खुलासा तीन दिवसांत. चार महिन्यांत 23 पत्रांना मिळून आलेलं उत्तर ते हे!

माझी नोकरी 19 वर्षं झाली. मतदार याद्यांचा बीएलओ मी, आधारच्या दुरुस्त्या मी, यू-डायसवर शाळेची माहिती भरणारा मी, पोषण आहाराचा तांदूळ मोजणारा मी. महिन्याचे निम्मे दिवस तरी 'माहिती तात्काळ सादर करा'त जातात. नीट मोजले नाहीत, मोजायला वेळ कुठाय? बीपीची गोळी चालू झालीय. तिची माहिती कुठल्या रकान्यात भरायची, तेवढं कळवा.

2024 ला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचं पत्र पोरांना आलं. उत्तर लिहायचं नव्हतं, पत्र हातात धरून सेल्फी चढवायची होती. रेंजसाठी मी टेकडीवर. दहावीच्या परीक्षेतलं पत्रही आता ई-मेलच्या साच्यात गेलं. जाऊ दे. पण तुमच्याकडं ई-मेलला तरी कोण उत्तर देतं? तुमच्या कारभारात पत्र वरून खाली येतं तेव्हा आदेश असतो, खालून वर गेलं की बदनामी.

टपालवाल्याची गाडी वाजली की ती मुलगी अजून दारात जाते. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत राहतो.

23 कोरी कार्डं मंत्रालयाच्या पत्त्यावर वेगळी पाठवतोय. पोरांचे पत्ते घातलेत, पिनकोडसकट. साहेबांकडून दोन-दोन ओळी लिहून घ्या. नळाचं नंतर बघू.

आपला,
एक गुरुजी

ता. क. तीन दिवसांत मागितलेला खुलासा तो हाच.